ल्वारच्या वाईन कुठून सुरू करायच्या: समुद्राकडून वर वर

नाशिकला कधी गेला असाल आणि तिथे शेनिन ब्लांचा ग्लास हातात घेतला असेल तर ल्वारशी तुमची ओळख आधीच झालेली आहे, फक्त तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही. हे द्राक्ष फ्रान्सच्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. सुला या वाईन कंपनीनं नव्वदच्या दशकात नाशिकला शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लांची लागवड केली आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आणली, आणि नेमकी हीच दोन द्राक्षं ल्वारच्या पांढऱ्या वाईनचे दोन मोठे खांब आहेत. मी नाशिकची, नंतर दोन वर्षं शिक्षणासाठी ल्वारकाठच्या तूर शहरात राहिले, आणि घराजवळच्या दुकानात 'शेनिन' कुठेच लिहिलेलं दिसेना म्हणून पहिले काही महिने मी त्या फळीसमोर नुसती उभी राहायचे. वाईन होती, ढिगाने होती, पण बाटलीवर द्राक्षाचं नाव नाही, गावाचं नाव. हा लेख त्या फळीसमोर उभं राहणाऱ्यांसाठी आहे.

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, साधारण १,००० किलोमीटर. उगम दक्षिणेकडे आर्देशच्या डोंगरात, तिथून उत्तरेला जाते, मग पश्चिमेला मोठं वळण घेते आणि सँ-नाझेरजवळ अटलांटिकला मिळते. द्राक्षाचा मुख्य पट्टा म्हणजे समुद्राजवळच्या नाँत शहरापासून आत सांसेरपर्यंतचा, जवळपास चारशे किलोमीटरचा. एवढ्या लांब पट्ट्यात समुद्राचं हवामान संपून आतलं कडक थंडी-उन्हाळ्याचं हवामान सुरू होतं, खालचा दगड चार वेळा बदलतो, आणि म्हणून इथे कोरडी पांढरी, गोड पांढरी, फसफसणारी, गुलाबी, हलकी लाल, जड लाल असं सगळंच मिळतं. नवीन माणूस इथेच गांगरतो. माझा सल्ला सोपा आहे: नकाशा घ्या, समुद्राकडून सुरुवात करा आणि नदीच्या काठाने वर वर जा, सोप्या वाईनपासून अवघड वाईनपर्यंतचा रस्ताही साधारण तसाच लागतो. शेवटी सांसेरपाशी तो परत जरा सोपा होतो, पण ते पुढे सांगते.

पायरी पहिली: आधी चार शब्द पाठ करा

हे कंटाळवाणं वाटेल पण नव्वद टक्के घोटाळे इथेच होतात. बाटलीवर 'सेक' असेल तर कोरडी, 'दमी-सेक' असेल तर जराशी गोडसर, 'म्वालो' असेल तर गोड, 'दू' असेल तर खूप गोड. युरोपच्या नियमात याचे आकडे ठरलेले आहेत, सेक म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर (आंबटपणा चांगला असेल तर ९ पर्यंत चालते), दमी-सेक १२ पर्यंत आणि तशाच आंबटपणाच्या अटीवर १८ पर्यंत, म्वालो ४५ पर्यंत, आणि त्याच्यावर दू.

आता खरी गंमत अशी की हेच शब्द फसफसणाऱ्या वाईनवर आले की त्यांचा अर्थ बदलतो. तिथे सेक म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर, म्हणजे चक्क गोड, आणि कोरडी हवी असेल तर 'ब्रूत' शोधायची, ती १२ ग्रॅमच्या आत असते. एकच शब्द, दोन अर्थ. बाटलीचं बूच तारेने बांधलेलं आहे का ते आधी बघा आणि मग शब्द वाचा.

आणि काही बाटल्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तूरजवळच्या वूव्रे गावाच्या वाईनच्या बाबतीत हे फार होतं. मी एकदा एका मैत्रिणीकडे माशाच्या जेवणाला अशीच एक वूव्रे घेऊन गेले, गाव माहितीचं, लेबल छान, आणि उघडल्यावर ती निघाली चांगलीच गोड, लिंबू पिळलेल्या माशाबरोबर ती वाईनही वाईट लागली आणि मासाही. तेव्हापासून दुकानात विचारल्याशिवाय मी वूव्रे उचलत नाही. 'से सेक?' (कोरडी आहे का?) एवढं विचारलं तरी पुरतं.

पायरी दुसरी: म्युस्कादे, समुद्राच्या तोंडाशी

नाँतच्या आसपासची ही वाईन. नावावरून फसू नका, मस्कट नावाच्या सुगंधी द्राक्षाशी हिचा काही संबंध नाही, हिचं द्राक्ष 'मलों द बुर्गोन्य', म्हणजे नाव बर्गंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या वाईन-प्रदेशाचं आणि संसार समुद्राकाठी. १७०९ च्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की इथल्या बागाच्या बागा मेल्या, त्यानंतर थंडी सहन करणारं हे द्राक्ष इथे पसरलं. शिवाय नाँत बंदरातले डच व्यापारी ब्रँडी गाळायला साधी पांढरी वाईन मागायचे, त्यांनाही हे सोयीचं पडलं.

ही वाईन पातळ, कोरडी, आंबट, लिंबासारखी, जरा खारट. पहिल्या घोटाला 'यात आहे काय' असं वाटू शकतं. म्हणून घेताना दोन गोष्टी बघा. एक, लेबलवर 'सेव्र ए मेन' असावं, या दोन छोट्या नद्या आहेत आणि त्यांच्या मधला भाग चांगला. दोन, 'स्युर ली' असावं. ली म्हणजे यीस्टचा गाळ. आंबवण झाल्यावर यीस्ट मरून तळाशी बसतं, बाकीच्या ठिकाणी वाईन बहुतेक वेळा त्यावरून काढून घेतात, इथे मात्र अख्खा हिवाळा वाईन त्या गाळावरच ठेवतात आणि लवकरात लवकर १ मार्चला बाटलीत भरायला सुरुवात करतात. त्यामुळे पाण्यासारख्या वाईनला थोडं अंग येतं, पावाच्या कणकेसारखा हलका वास येतो, आणि जिभेवर बारीक चुरचुर जाणवते. ती चुरचुर दोष नाही, ती अडकून राहिलेल्या वायूची असते.

हिच्याबरोबर तिथे कालवं खातात. कच्ची, लिंबाबरोबर. कोकणातली माणसं कालवं ओळखतात पण कच्ची खायची सवय नसते, काही हरकत नाही, शिजवलेल्या शिंपल्यांबरोबरही म्युस्कादे तितकीच चांगली जाते, आणि मी घरी तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर प्यायले आहे, मसाला कमी ठेवला तर एकदम जमतं. तिखट जास्त झालं की ही वाईन हरते.

किमतीला ही ल्वारमधली सगळ्यात प्रामाणिक वाईन, फ्रान्समध्ये चांगली बाटली दहा युरोच्या आसपास मिळून जाते. आवडली तर पुढे क्लिसों, गोर्ज, ल पाले ही गावांची नावं असलेल्या म्युस्कादे शोधा. त्या दीड-दोन वर्षं गाळावर ठेवलेल्या असतात, क्लिसोंखाली ग्रॅनाईट, गोर्जखाली गॅब्रो नावाचा काळा दगड, आणि तेच साधं द्राक्ष तिथे इतकं भारदस्त लागतं की पहिल्या बाटलीवरून केलेलं मत बदलावं लागतं.

पायरी तिसरी: आँजू, इथे जरा थांबा

नदीने वर आलात की आँजे शहर. इथल्या घरांची छपरं काळ्या पाटीच्या दगडाची, आणि तोच दगड बागांच्या खाली. म्हणून या भागाला 'काळं आँजू' म्हणतात, आणि थोडं पुढे सोम्यूरकडे चुनखडी सुरू झाली की 'पांढरं आँजू'. इथून शेनिनचं राज्य सुरू.

ज्यांना नाशिकची जराशी गोड गुलाबी वाईन आवडते त्यांनी इथे 'कॅबरने दाँजू' घ्यावी, ती गुलाबी आणि गोडसर असते, उन्हाळ्यात थंडगार. तिच्या शेजारीच 'रोझे द ल्वार' ठेवलेली असते, रंग जवळपास तोच, पण ती कोरडी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पिऊन बघा, साखरेचं काम काय असतं ते दहा मिनिटांत कळतं. गुलाबीवर मी एवढंच बोलेन.

मला खरं बोलायचंय ते लेयोंबद्दल. लेयों ही ल्वारला मिळणारी छोटी नदी, आणि तिच्या उतारांवरची गोड वाईन म्हणजे 'कोतो द्यू लेयों'. शरद ऋतूत सकाळी नदीवरून धुकं वर येतं, बाग ओली होते, दुपारी ऊन पडतं, बाग सुकते. ओल आणि ऊन असं आलटून पालटून मिळालं की द्राक्षावर बोट्रायटिस नावाची बुरशी चढते. आपल्याकडे घड सडायला लागला की बागाईतदार डोक्याला हात लावतो, औषधाचा पंप काढतो. लेयोंत माणसं या बुरशीची वाट बघत बसतात. ही बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात.

ऑक्टोबरच्या शेवटी मी एका बागेत गेले होते तेव्हा मालकाने मला एक घड हातात दिला. एका बाजूचे मणी पिवळे, टरटरीत, मधले काही जांभळट-तपकिरी, आणि खालचे राखाडी लव आलेले, सुरकुतलेले, आपल्या तासगावच्या बेदाण्यासारखे पण ओले. दिसायला किळस येईल असे. तो म्हणाला, ते राखाडीच खा. खाल्ला. साल तोंडात विरघळली आणि मागे मधासारखी, जर्दाळूसारखी चव राहिली, आणि त्याच्याही मागून आंबट. तो आंबटपणा नसता तर ते फक्त पाक लागलं असतं, शेनिनची सगळी ताकद त्या आंबटपणात आहे हे मला त्या एका मण्याने शिकवलं. एका घडातले सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारी माणसं त्याच बागेतून तीनदा, चारदा, कधी त्याहून जास्त वेळा फिरतात आणि दर वेळी फक्त तयार झालेलं काढतात. ही वाईन महाग का, याचं उत्तर तिथे कमरेत वाकून उभं होतं.

या भागातलं सगळ्यात मानाचं नाव 'कार द शोम', २०११ पासून ल्वारमधला पहिला ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. कार म्हणजे चौथा हिस्सा. जुन्या काळी या उतारावरच्या पिकाचा चौथा भाग जमीनदाराला द्यावा लागायचा आणि त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. चौथाई काय असते हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पण सुरुवात कार द शोमने करू नका, साधी कोतो द्यू लेयों घ्या, अर्धी बाटली मिळाली तर उत्तम, आणि गोडाबरोबर पिऊ नका. निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर प्या. गोड आणि खारट, बस.

नदीच्या पलीकडे, उत्तर काठावर, साव्हनियेर. तेच शेनिन, पण कोरडं, आणि फार कडक. तरुण असताना ही वाईन जवळ येऊ देत नाही, सात-आठ वर्षांनी उघडली तर मेण, सुकी फुलं, सफरचंदाची साल, आणि माझ्या नाकाला तर सरळ ओल्या घोंगडीचा वास येतो, लोकरीचा, आणि तो मला आवडतो. 'कुले द सेराँ' ही साव्हनियेरची जवळपास सात हेक्टरची प्रसिद्ध बाग, बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी लावलेली, आता जोली कुटुंबाची, आणि निकोला जोली हे जैवगतिक (बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनं टाळून चंद्र-ग्रहांच्या वेळा पाळणाऱ्या) शेतीचे जगभर ओळखले जाणारे पुरस्कर्ते. ही बाटली नवीन माणसाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाया जातात आणि वाईनवर अन्याय होतो. आधी दोन-तीन साध्या साव्हनियेर प्या.

पायरी चौथी: सोम्यूरच्या गुहा आणि बुडबुडे

सोम्यूरला पोचलात की दगड बदलतो. हा त्युफो, पिवळट पांढरी मऊ चुनखडी, नखाने ओरखडा उठतो. नदीकाठचे किल्ले आणि वाडे याच दगडाचे. शतकानुशतकं दगड काढून काढून डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल गुहा झाल्या, आणि त्या गुहांत आज आळंबी पिकतात आणि बाटल्या झोपतात. आत उन्हाळा-हिवाळा तापमान बारा अंशांच्या आसपास.

इथली फसफसणारी वाईन नक्की घ्या. झाँ-बाप्तीस्त आकेरमानने १८११ साली सोम्यूरला कंपनी काढली आणि शँपेनची रीत इथे आणली, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचं आणि बुडबुडे आत कोंडायचे. लेबलवर 'सोम्यूर ब्रूत' किंवा 'क्रेमाँ द ल्वार' शोधा, क्रेमाँ हा दर्जा १९७५ पासून आहे, आणि शँपेनच्या निम्म्याहून कमी पैशात तितक्याच कष्टाची वाईन मिळते. द्राक्ष मुख्यत्वे शेनिन, सोबत शार्दोने आणि कॅबरने फ्राँ. वाढदिवस, बारसं, काहीही असो, माझ्या घरी हीच उघडते. शाकाहारी मंडळींना या गावात चांगलं खायला मिळतं ते म्हणजे गुहेतल्या भट्टीत फुगवलेले छोटे गरम पाव, त्यांना 'फुए' म्हणतात, त्यात घेवड्यासारख्या पांढऱ्या बिया किंवा बकरीचं चीज भरून देतात. डुकराच्या मांसाचंही सारण असतं तेव्हा मागताना स्पष्ट सांगा.

पायरी पाचवी: लाल वाईन, पण फ्रिजमधून

सोम्यूर-शाँपीन्यी, शिनों, बुर्गय, सँ-निकोला-द-बुर्गय. ही चार नावं लक्षात ठेवा, चारही कॅबरने फ्राँ या द्राक्षाची. तिथले जुने लोक याला 'ब्रेतों' म्हणतात. कॅबरने सोविन्यों सगळ्यांना माहीत असतं, नाशिकलाही भरपूर आहे, पण १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की कॅबरने सोविन्योंचे आईबाप म्हणजे कॅबरने फ्राँ आणि सोविन्यों ब्लां. हे दोन्ही पालक आजही ल्वारकाठी नांदतायत. मला ही गोष्ट कळली तेव्हा नाशिकच्या रेड वाईनकडे बघायची नजरच बदलली.

चव कशी? रासबेरी, पेन्सिलला टोक काढताना येणारा वास, आणि थंड वर्षात हिरव्या सिमला मिरचीचा वास. हा मिरचीचा वास काहींना खटकतो, मला थोडा असला तर आवडतो, फार असला तर द्राक्ष पुरतं पिकलं नाही असं समजायचं. बाटली घेताना एक प्रश्न विचारा, बाग वाळूत-गोट्यांत आहे की चढावर चुनखडीत. नदीजवळच्या वाळूतली वाईन हलकी, लगेच प्यायची. चढावरची तुरट, पाच ते दहा वर्षं ठेवण्यासारखी. नवीन माणसाने वाळूतली घ्यावी.

आणि ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, चौदा-पंधरा अंशाला प्या. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यायची असं आपण ऐकलेलं असतं, पण ती खोली म्हणजे जुन्या फ्रेंच वाड्याची गार खोली, पुण्यातल्या एप्रिलमधली नव्हे. बत्तीस अंशाला शिनों प्यायलात तर नुसती दारू आणि तुरटपणा लागणार आणि दोष द्राक्षाला देणार. मसुराची आमटी, भाजलेलं वांगं, चिकन, यांच्याबरोबर ही वाईन फार छान बसते कारण ती जड नाही.

पायरी सहावी: वूव्रे, एकाच द्राक्षाचे पाच अवतार

तूर शहरापासून सायकलने मी कितीतरी वेळा वूव्रेला गेले. उत्तर काठावर पांढरा कडा, कड्यात खोदलेली घरं आणि तळघरं, वर पठारावर बागा, म्हणजे धुराडी द्राक्षांच्या ओळींमधून वर आलेली दिसतात. समोरच्या काठावर मोंलुई, तेच द्राक्ष, जरा हलका हात.

एका तळघरात सत्तरीच्या बाईंनी मला तीन ग्लास ओतून दिले. दरवाजातून आत शिरताना मी भिंतीला हात टेकवला तर हाताला ओला पांढरा चुना लागला. तीनही ग्लास एकाच बागेचे, एकाच वर्षाचे. पहिला कोरडा, चटका बसावा इतका आंबट. दुसरा दमी-सेक, तोंडात शिरताना गोड आणि गिळल्यावर स्वच्छ. तिसरा म्वालो, सोन्याच्या रंगाचा, मध आणि भाजलेलं सफरचंद. बाई म्हणाल्या की द्राक्षं तीन वेळा काढली, सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरच्या मधे आणि ऑक्टोबरच्या शेवटाला, बाकी काही वेगळं केलेलं नाही. याशिवाय वूव्रेची फसफसणारीही असते, 'मूसो', आणि कमी बुडबुड्यांची 'पेतियाँ'. कुठली किती करायची हे वर्ष ठरवतं: थंड वर्ष असेल तर कोरडी आणि फसफसणारी जास्त, ऊन चांगलं पडलं तर गोड. म्हणून इथे बाटलीवरच्या सालाला महत्त्व आहे, आणि दुकानदाराला साल दाखवून 'कसं होतं' असं विचारण्यात अर्थ आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर दंव गोठवणारी जी थंडी पडली तीत ल्वारमध्येही कोवळे कोंब जळले, कित्येकांच्या हाती थोडंच पीक लागलं.

जमेल त्याने असे तीन ग्लास शेजारी शेजारी लावून प्यावेत, घरीसुद्धा, तीन मित्रांनी एकेक बाटली आणायची. या संपूर्ण लेखातलं एकच करणार असाल तर हे करा. आणि आपल्या जेवणाबरोबर एकच ल्वार निवडायची वेळ आली तर दमी-सेक वूव्रे निवडा, कोळंबीचं कालवण, कोल्हापुरी नसलेला कुठलाही रस्सा, नारळाचं काहीही, त्या थोड्या साखरेने तिखट मऊ होतं आणि आंबटपणाने तेल कापलं जातं.

ठेवायची असेल तर गोड वूव्रे आयुष्यभर टिकते असं म्हटलं तरी चालेल. १९४७ सालच्या गोड वूव्रे आजही जाणकार शोधत असतात.

पायरी सातवी: सांसेर आणि पुयी फ्युमे

इथे नदी दक्षिणेकडे वळलेली असते आणि द्राक्ष बदलतं, सोविन्यों ब्लां. सांसेर पश्चिम काठावर टेकडीवरचं गाव, पुयी पूर्व काठावर. नाव ऐकलेलं असतं म्हणून बहुतेक जण ल्वारची सुरुवातच इथून करतात, महागडी बाटली घेतात आणि 'नाशिकच्या सोविन्योंपेक्षा वेगळं काय' असं विचारतात. नदी चढून आलात तर हा प्रश्न पडत नाही. नाशिकच्या उन्हात पिकलेल्या सोविन्योंत पेरू, हिरवी मिरची, कापलेलं गवत असं ठळक येतं, सांसेरमध्ये तेच सगळं हळू आवाजात आणि मागे दगड.

दगड म्हणजे काय ते सांगते. सांसेरला तीन प्रकारची माती: पांढरी चिकण-चुनखडी, बारीक चुनखडीच्या खड्यांची, आणि गारगोटीची, तिला 'सिलेक्स' म्हणतात. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली असेल तर नंतर हाताला जो जळका वास येतो तो आठवा. गारगोटीच्या मातीतल्या पुयी फ्युमेत तसा वास येतो, खरंच येतो, 'फ्युमे' म्हणजे धुरकट. ज्यांनी गारगोट्या घासल्या नाहीत त्यांना हा वास समजावणं कठीण, आपल्याला सोपं.

दोन खबरदाऱ्या. पुयी फ्युमे आणि पुयी फ्विसे वेगळ्या, दुसरी बर्गंडीतली शार्दोनेची. आणि 'पुयी-स्युर-ल्वार' लिहिलेली बाटली दिसली तर ती शास्ला नावाच्या द्राक्षाची, सोविन्योंची नव्हे. पैसे वाचवायचे असतील तर शेजारची मनतू-सालों, कँसी, रयी ही गावं बघा, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे तूरच्या आसपासची 'तुरेन सोविन्यों'. सांसेरमध्ये लाल आणि गुलाबीही होते, पिनो न्वारची, पण ती नंतर.

बरोबर खायला शाविन्योलचं छोटं गोल बकरीचं चीज. शाविन्योल हे सांसेरला लागूनच असलेलं गाव. बकरीच्या चीजचा आंबटपणा आणि सोविन्योंचा आंबटपणा एकमेकांना खातात आणि दोन्ही गोड लागायला लागतात.

तिकडे जाणार असाल तर

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून वेगवान गाडीने तूरला सव्वा तासाच्या आसपास, आँजेला दीड तास, नाँतला दोन-सव्वादोन. सांसेर मात्र या मार्गावर नाही, ते वेगळं ठेवा. चार दिवस असतील तर तूर आणि सोम्यूर एवढंच करा, सगळी नदी उरकायला जाऊ नका. नदीकाठाने सायकलचा आखीव मार्ग आहे, सपाट आहे, आणि सायकल भाड्याने सहज मिळते. गाडी चालवणार असाल तर फ्रान्समध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम ही मर्यादा आहे, नवीन परवानाधारकांना ०.२, म्हणजे चालवणाऱ्याने थुंकायचंच. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, थुंकल्याने कुणाचा अपमान होत नाही, उलट तुम्ही मन लावून चव घेताय असं त्यांना वाटतं.

बाहेर 'देग्युस्तासियों' पाटी असली की चव घ्यायला मिळते. छोट्या घरांना आदल्या दिवशी फोन किंवा मेल करा, बारा ते दोन जेवणाची वेळ असते तेव्हा दार वाजवू नका, रविवारी बरीच बंद असतात. शिरताना 'बोंझूर' म्हणायचंच, प्रश्न विचारण्याआधी. सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू असते, वास भारी असतो पण मालकाला बोलायला वेळ नसतो, मे-जून बरा. पाच-सहा चवी फुकट दिल्या तर एक-दोन बाटल्या घ्याव्यात, कुणी मागत नाही पण तशी रीत आहे.

भारतात परत येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी. मी दर वेळी एक सेक वूव्रे, एक दमी-सेक वूव्रे आणि अर्धी लेयोंची आणते. प्रत्येक बाटली जाड मोज्यात, मोजा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत, कडेला नाही. घरी आल्यावर कपाटाच्या वर ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त उकाडा असतो. पलंगाखाली आडवी ठेवा नाहीतर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. लेयोंची उघडली तरी बूच परत लावून फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहते, रोज रात्री एक छोटा घोट, आणि दर रात्री ती थोडी वेगळी लागते.